आर्गोस, फ्लश आणि हॉर्मे : ‘माणसापेक्षा कुत्रा बरा’ या वाक्याचा इतिहास

१/
या पावसाळ्याच्या आरंभी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचे चार वर्षांचे नाते तुटले. पंधरा दिवसांनी ती एक पिल्लू घेऊन आली. गल्लीतल्या कुत्रीचे, जेमतेम सहा आठवड्यांचे. दारात उभी राहून ती म्हणाली, “माणसापेक्षा कुत्रा बरा. निदान सोडून तरी जात नाही.” पुढे तिसऱ्याच आठवड्यात त्या पिल्लाने तिच्या टिपणवहीचा कोपरा फाडला, खोलीत तीन ठिकाणी घाण केली आणि ती हात उगारून ओरडली, “तूही तसलाच निघालास!”
ही दोन्ही वाक्ये माझ्या मनात राहिली. पहिले वाक्य फार जुने आहे. दुसरे त्याच्याइतकेच जुने असावे. हा थ्रेड या दोन वाक्यांमधल्या अंतराचा आहे.

२/
आरंभ होमरपासून करू. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात ओडिसियस २० वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात आपल्या घरी परततो. दाराशी शेणाच्या ढिगाऱ्यावर, गोचिडांनी भरलेला एक म्हातारा कुत्रा पडलेला असतो. हा आर्गोस. ट्रॉयला जाण्यापूर्वी ओडिसियसने त्याला स्वतःच्या हाताने वाढवले होते. आर्गोस धन्याला ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो. उठून जवळ येण्याचे त्राण मात्र त्याच्यात उरलेले नाही. ओडिसियसला उघडपणे रडताही येत नाही. तो लपून एक अश्रू पुसतो आणि आत जातो. मागे आर्गोस प्राण सोडतो.
याउलट पत्नी पेनेलोपी त्याला लगेच ओळखत नाही. ती त्याची परीक्षा घेते.

३/
येथे बहुतेक वाचक निकाल देऊन मोकळे होतात : कुत्रा जिंकला, पत्नी हरली. मात्र पेनेलोपीची स्थिती पाहा. घरात १०८ विवाहेच्छू ठाण मांडून बसलेले. एखादा तोतया पती म्हणून पुढे आला, तर तिचे, मुलाचे आणि राज्याचे सर्वस्व जाणार. म्हणून ती दासीला सहज सांगते, ‘यांचा पलंग बाहेर काढून घाल.’ तो पलंग जमिनीत रुजलेल्या जिवंत ऑलिव्ह वृक्षाच्या खोडातून घडवलेला असल्याने हलवणे अशक्य असते, आणि हे त्या दोघांखेरीज केवळ एका दासीला ठाऊक असते. ओडिसियस संतापतो आणि तिची खात्री पटते.
आर्गोसची ओळख तत्काळ आहे, कारण त्याला निवड करावयाची नाही. पेनेलोपीची ओळख उशिरा येते, कारण तिला नकार देणे शक्य आहे. दोन्ही निष्ठाच, पण त्यांची जात वेगळी.

४/
आपल्याकडे हाच प्रश्न महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात येतो. पाच पांडव, द्रौपदी आणि सातवा एक कुत्रा हिमालयाकडे निघतात. प्रथम द्रौपदी पडते, मग एकेक भाऊ. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो.
इंद्राचा प्रतिप्रश्न थेट आहे : पत्नीला आणि भावांना सोडलेस, मग या कुत्र्याला का नाही? युधिष्ठिराच्या उत्तराचा आशय असा, की ते मेले होते. मृतांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. हा तर जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आहे. म्हणजे ‘पत्नी की कुत्रा’ ही तुलनाच युधिष्ठिर नाकारतो. त्याच्या दृष्टीने प्रश्न श्रेष्ठतेचा नाही, आश्रिताचा आहे.

५/
महाकाव्यांत पात्रांच्या मनात डोकावता येते; पण प्रत्यक्ष माणसांनी हा पेच कसा सोडवला? त्यासाठी पत्रव्यवहार हवा. असा एक विपुल पत्रव्यवहार १८४५-४६च्या लंडनमधला आहे : कवयित्री एलिझाबेथ बॅरेट आणि कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांचा.
जुलै १८४०मध्ये एलिझाबेथचा लाडका भाऊ बुडून मरण पावला. प्रकृती आधीच नाजूक होती; आता ती अंधाऱ्या खोलीत मिटून गेली. वडिलांचा दंडक असा, की एकाही अपत्याने विवाह करावयाचा नाही. १८४१च्या आरंभी लेखिका मेरी रसेल मिटफर्ड यांनी तिला स्पॅनियल जातीचा एक कुत्रा भेट दिला. त्याचे नाव फ्लश. पुढची चार वर्षे तिच्या पलंगाशी तोच होता.

६/
मे १८४५मध्ये रॉबर्ट प्रथम तिला भेटावयास आला. पुढे भेटी वाढल्या आणि फ्लशला ते रुचले नाही. १८४६च्या उन्हाळ्यात तो रॉबर्टला चावला, आणि तेही दोनदा. आता कोणाला बाहेर काढायचे?
कोणालाच नाही. रॉबर्ट फ्लशसाठी केक आणू लागला. आजचे प्रशिक्षक हाच उपाय सांगतील : ज्या व्यक्तीचा धाक किंवा मत्सर वाटतो, तिच्या येण्याशी काही चांगले जोडून द्या. रॉबर्टने हे कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. जिच्यावर आपले प्रेम आहे तिच्या खोलीत आपल्या आधी कोणी तरी वस्तीला होते, आणि त्याचा मान राखला पाहिजे, इतके त्याला कळले होते.

७/
खरी कसोटी १ सप्टेंबर १८४६ रोजी लागली. लंडनमध्ये श्रीमंतांचे कुत्रे पळवून खंडणी घेणाऱ्या टोळ्या होत्या. त्यांनी फ्लशला उचलले, तेही तिसऱ्यांदा. वडील म्हणाले, पैसे द्यायचे नाहीत. रॉबर्टनेही तत्त्वाचा मुद्दा लिहून कळवला : खंडणी दिली की दुष्टांचे बळ वाढते. विवाह अवघ्या काही दिवसांवर होता.
जी स्त्री वर्षानुवर्षे खोलीबाहेर क्वचित पडली, ती मोलकरणीला सोबत घेऊन घोडागाडीने पूर्व लंडनच्या बकाल वस्तीत स्वतः गेली. अखेर ६ गिनी मोजून फ्लश परत मिळाला. १२ सप्टेंबरला तिने गुपचूप विवाह केला आणि आठवड्याभराने ती घर सोडून निघाली. बरोबर रॉबर्ट होता, मोलकरीण होती आणि फ्लशही होता.

८/
या प्रसंगाकडे मी असे पाहते : कुत्र्यासाठी उंबरठा ओलांडण्याचे धैर्य तिने प्रथम केले; प्रियकरासाठीचे धैर्य त्यानंतरच्या आठवड्यात आले. फ्लशचे प्रेम रॉबर्टच्या प्रेमाला पर्याय नव्हते. ते त्याच्याआधीची तयारी होते. १८५४मध्ये फ्लश फ्लॉरेन्सला वारला. त्यांच्या घराच्या, कासा ग्वीदीच्या, तळघरात त्याला पुरले. पुढे १९३३मध्ये व्हर्जिनिया वुल्फने त्याचे चरित्रच लिहिले.
परंतु प्रत्येकाला उंबरठा ओलांडता येत नाही. ज्याच्यासाठी समाजाने दारच बंद ठेवले आहे, त्याच्या आयुष्यात कुत्रा काय होतो? याचे उत्तर देणारा माणूस तरुणपणी आपल्या देशात राहून गेला होता.

९/
जे. आर. ॲकर्ली (१८९६-१९६७). १९२३च्या अखेरीस हा इंग्रज तरुण बुंदेलखंडातल्या छत्रपूरच्या महाराजांकडे खाजगी चिटणीस म्हणून आला. सुमारे पाच महिन्यांच्या त्या वास्तव्यावर त्याने ‘हिंदू हॉलिडे’ (१९३२) हे पुस्तक लिहिले. पुढे १९३५ ते १९५९ तो ‘द लिसनर’ या साप्ताहिकाचा वाङ्मयीन संपादक होता.
ॲकर्ली समलिंगी होता, आणि त्याच्या संपूर्ण हयातीत इंग्लंडमध्ये पुरुषांचे परस्परप्रेम हा गुन्हा होता. तो आयुष्यभर एका ‘आदर्श मित्रा’च्या शोधात राहिला. भीती, गुप्तता आणि वर्गभेद यांच्या सावटाखालची ती नाती टिकली नाहीत. मग, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, तुरुंगात गेलेल्या एका तरुण मित्राची अल्सेशियन कुत्री त्याच्याकडे आली. तिचे नाव क्वीनी.

१०/
पुढची सुमारे पंधरा वर्षे क्वीनी हेच त्याचे जग झाले. ‘माय डॉग ट्यूलिप’ (१९५६) हे पुस्तक तिच्यावरचे. ही वर्षे आपल्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती, असे तो सांगे. पण या सुखाची किंमतही होती. क्वीनी अन्य कोणाला जवळ येऊ देत नसे. भुंकून घर डोक्यावर घेई. मित्रांचे येणे कमी झाले.
पुस्तकाच्या आरंभीच एक विलक्षण प्रसंग आहे. कुत्री कोणत्याही पशुवैद्याला हात लावू देत नाही. एक स्त्री पशुवैद्य मात्र मालकाला खोलीबाहेर काढते, आणि कुत्री शांतपणे तपासून घेते. तिचे निदान थोडक्यात असे : कुत्री गुणी आहे, अडचण तुमची आहे, ती तुमच्या रक्षणासाठी जीव टाकते आहे.

११/
क्वीनीचे बालपण एका लहान परसात कोंडून गेले होते. फिरणे नाही, माणसांची ओळख नाही, वर मारही बसे. ज्या वयात जग निर्धोक आहे हे शिकायचे, ते वय निघून गेले होते. आपण जिला ‘एकनिष्ठा’ म्हणतो, तिच्यातला काही भाग भीतीचा होता : एकच माणूस विश्वासाचा, बाकी सारे जग शत्रू.
क्वीनी १९६१मध्ये मेली. ॲकर्लीने त्या शोकासाठी ‘सती’ हा भारतीय शब्द वापरला. तो स्वतः ४ जून १९६७ रोजी वारला. पुढच्याच महिन्यात, २७ जुलैला, इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांचे खाजगीतले संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढणारा कायदा संमत झाला. ‘माणसापेक्षा कुत्रा बरा’ हे वाक्य ॲकर्लीपुरते खरे असेल. पण ते खरे ठरण्यात त्या कायद्याचा वाटा किती, हेही इतिहासाने विचारले पाहिजे.

१२/
येथे आपण मैत्रिणीच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो : ‘तूही तसलाच निघालास.’ कुत्रा तयार निष्ठा घेऊन येत नाही. ती कोणी तरी लावावी लागते. पिल्लू कसे वाढवावे यावरचे एक अतिशय जुने उपलब्ध लेखन ग्रीक सेनानी झेनोफोनचे आहे, इ. स. पू. चौथ्या शतकातले.
त्याचे सल्ले आजही ओळखीचे वाटतात. पिल्लांना आईचेच दूध आणि आईचीच ऊब मिळू द्या. भुकेच्या वेळी स्वतःच्या हाताने खाऊ घाला, म्हणजे देणाऱ्यावर त्यांचा जीव जडतो. नावे लहान ठेवा, म्हणजे हाक मारणे सोपे जाते. आपल्या मोती, राजा, वाघ्या, खंड्या या नावांमागेही हीच व्यवहारदृष्टी दिसते.

१३/
झेनोफोनच्या या ग्रंथाला सुमारे पाचशे वर्षांनी एका लेखकाने पुरवणी जोडली. त्याचे नाव तुम्ही ऐकले आहे : एरियन. अलेक्झांडरच्या हिंदुस्थानवरील स्वारीसाठी आपण ज्याच्यावर अवलंबून असतो, तोच. हा रोमन साम्राज्याचा प्रांताधिपती शिकारीवर लिहिताना मध्येच स्वतःच्या कुत्रीविषयी बोलू लागतो. तिचे नाव हॉर्मे. अर्थ साधारण ‘ओढ’. ती घरात त्याच्या पायांत घुटमळते, बाहेरून आल्यावर स्वागत करते, आजारपणात बाजूला हटत नाही. कुत्र्याने माणसासोबत झोपणे उत्तम, असेही तो सांगतो.
आणि मग एक वाक्य येते, ज्यापाशी मी थबकले.

१४/
एरियन सांगतो, की हॉर्मेला लहानपणी चाबकाने वळण लावले होते. त्यामुळे आजही कोणी नुसता ‘चाबूक’ हा शब्द उच्चारला, तरी ती बोलणाऱ्यापाशी जाते, दबून बसते, तोंडाला तोंड लावते, गळ्यात पडते आणि त्याचा राग गेल्याची खात्री होईपर्यंत सोडत नाही.
एरियनला हे गोड वाटले. आज वाचताना अंगावर काटा येतो. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वी एका प्रेमळ मालकाने नकळत नोंद करून ठेवली, की पिल्लू मार विसरत नाही. ज्याला तो लाड समजला, ती विनवणी होती.

१५/
२००९मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी कुत्र्यांच्या ‘अपराधी चेहऱ्या’वर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, याचा त्या चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. तो चेहरा मालक रागावला की दिसे. अपराध असो वा नसो.
महाभारत याच मुद्द्याने सुरू होते, हे आपण विसरतो. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्रा येतो आणि राजाचे भाऊ त्याला बडवतात. तो रडत आपल्या आईकडे, सरमेकडे, जातो : मी हवी चाटले नाही, तिकडे पाहिलेही नाही. सरमा येऊन विचारते, अपराध नसता का मारले? कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते. ज्या ग्रंथाच्या आरंभी कुत्र्याला विनाअपराध मार बसतो, त्याच्या शेवटी एक राजा कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो.

१६/
विसाव्या शतकात हे ज्ञान प्रयोगशाळेत तपासले गेले. १९१०मध्ये जर्मन पोलिस अधिकारी कोनराड मोस्ट याचे प्रशिक्षणावरचे पुस्तक निघाले. पोलिस आणि लष्करी कुत्र्यांसाठीची ही परंपरा. तीत खेच आणि शिक्षा यांना मोठे स्थान होते.
दुसरी परंपरा अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेतून आली. तिच्याशी निगडित संशोधकांनी १९६१मध्ये दाखवले, की १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले पुढे रानटी जनावरासारखीच राहतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या १९६५च्या ग्रंथाने हा कालखंड नेमका केला : साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार सताड उघडे असते. क्वीनीचे दार बहुधा याच काळात लोटले गेले असावे.

१७/
इतिहासाने दिलेले हे सारे एकत्र केले, तर पिल्लाच्या संगोपनाचे मोजके नियम हाती येतात.
पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. दात किती जोराने लावावेत हे ते भावंडांकडून शिकते.
झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावे. शी-शू तेथे झाली, की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्यावा. तासाभराने दिलेली शिक्षा कशाबद्दल आहे हे त्याला कळत नाही.
वही चावली तर वही उचलून ठेवावी आणि चावण्याजोगे खेळणे द्यावे; चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येत असतात, हिरड्या शिवशिवतात.
पशुवैद्याच्या सल्ल्याने लसीकरण सांभाळत त्याला निरनिराळी माणसे, आवाज आणि वाहने हळूहळू दाखवावीत. आणि रोज थोडा वेळ एकटे राहण्याची सवय लावावी, म्हणजे त्याचे जग एकाच माणसाएवढे उरत नाही.

१८/
आता एक फार जुना पुरावा. १९१४मध्ये जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल येथे दगडखाणीत कामगारांना एक दफन सापडले. वय सुमारे १४,००० वर्षे. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एका पिल्लाची हाडे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या पिल्लाच्या दातांवरून कळले, की पाचव्या महिन्याच्या सुमारास त्याला डिस्टेंपर हा जीवघेणा रोग झाला होता. तरीही ते आणखी काही आठवडे जगले आणि सुमारे सात महिन्यांचे असताना मेले. असे आजारी पिल्लू शुश्रूषेविना इतके तगले नसते. कोणी तरी त्याला स्वच्छ ठेवले, पाणी पाजले, ऊब दिली. शिकारीला निरुपयोगी झालेल्या जिवासाठी हिमयुगातल्या माणसांनी हे केले.
ती स्त्री आणि तो पुरुष परस्परांचे कोण होते, हे हाडे सांगत नाहीत. पण तिघे एकत्र आहेत.

१९/
तेव्हा ‘माणूस की कुत्रा’ या तुलनेत मला एक मूलभूत चूक दिसते. आपण दोघांना एकच कसोटी लावतो : सोडून जातो की नाही. परंतु कुत्रा राहतो, कारण जाण्याचा पर्याय त्याच्याकडे जवळजवळ नसतो. म्हणून त्याचे राहणे ही आपल्यावरची जबाबदारी आहे. माणसांना हिणवण्याचे प्रमाणपत्र नव्हे. माणूस जाऊ शकतो. म्हणूनच तो राहिला तर त्या राहण्याला मोल आहे, आणि गेला तर त्या दुःखालाही. युधिष्ठिराला हे उमगले होते. एलिझाबेथने ते जगून दाखवले. ॲकर्लीला त्याच्या काळाने ते जगू दिले नाही.

२०/
हे सारे मी मैत्रिणीला एका रात्री सांगितले. हॉर्मेची गोष्ट ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग टेबलाखाली दबून बसलेल्या पिल्लाला तिने हाक मारली. ते लगेच आले नाही. तिने हात जमिनीवर उघडा ठेवला आणि वाट पाहिली. पाच-सात मिनिटांनी ते आले आणि तिचा तळहात हुंगून तेथेच बसले.
आता पहाटे सहाचा गजर दोघींपुरता लावलेला असतो. एक दिवस ती त्याला खाली नेते, एक दिवस मी. वही वरच्या फळीवर गेली आहे. जुन्या नात्याविषयी ती अजून कधी कधी रडते. ते दुःख पिल्लाने भरून काढलेले नाही, आणि तिने त्याच्याकडून ती अपेक्षा करणेही सोडले आहे. पिल्लाचे नाव शेवटी ठरले. दोनच अक्षरी आहे. झेनोफोनला आवडले असते.
तुमच्या घरच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्याचे नाव खाली जरूर लिहा. ते नाव कोणी आणि का ठेवले, हेही सांगा.